याच्या वर कोण?

५ जानेवारी

चि. चिंधीस,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस. "हो आत्या, हो आत्या" म्हणता म्हणता तिकडे दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागतेस. पत्रात मला मधे कुणी तोडत नाही, म्हणून हे पत्र.

राग अशासाठी, की तू परमुलखात बसून बड्या बड्या कंपन्यांची गिऱ्हाइकं ओळीने लावून देतेस आणि इथे सख्ख्या आत्याच्या दुकानात दिव्याखाली अंधार. दातांच्या डॉक्टरांकडचंच बघ. सुनेने येऊन सायीच्या रंगाचे पडदे सांगितले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी निळे सांगितले. मला वाटलं दोन वेगळी घरं. दोन्ही शिवले. आता दोन्ही माझ्या फळीवर पडून आहेत, कारण डॉक्टर म्हणतात त्यांना मुळात पडदेच नको होते.

आता मुद्द्याचं. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमवाल्याला माझं अर्धं दुकान हवंय. महिनाभर येऊन बसतोय. म्हणतो, "बाई, जागा घेतोच, पण गिऱ्हाइकंही द्या. कोण कुणाचं, कुणाच्या वर कोण, शेवटी कुणाला विचारायचं, असं नीट लावून द्या." मार्चअखेरीला कागद घेऊन येणार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. गुडघे कुरकुरतात, माझ्यामागे कुणी नाही, आणि दिवसभर प्लायवूडच्या भिंतीकडे तोंड करून शिवण्यात आता मजा राहिली नाही.

त्या भिंतीपलीकडे तुझा बाबा खुर्च्या मढवतो. तो शिंकला तरी मला ऐकू येतं. पण तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी. काही सांगायचं झालं तर गिऱ्हाइकाला सांगते, "जाताना पलीकडे सांगा." तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. नवी पाटी आली, वर 'पडदे', खाली 'खुर्च्या'. तो म्हणाला, खुर्च्या खाली का? मी म्हटलं, अरे, पडदा वर असतो, खुर्ची खाली असते, यात भांडायचं काय? त्याने करवत घेतली आणि पाटी मधोमध कापली. दुसऱ्या दिवशी भिंत आली. एवढंच झालं. एवढ्यावर इतकी वर्षं गेली, हे तुला सांगताना मलाच लाज वाटते.

तर मला ते तुझं सॉफ्टवेअर बसवून दे.

तुझी
आत्या


१४ जानेवारी

प्रिय आत्या,

राग मिळाला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

आज इथूनच तुझ्या संगणकावर सगळं बसवलंय. आम्ही याला सीआरएम म्हणतो, म्हणजे गिऱ्हाइकांची वही, पण तू नावाला घाबरू नकोस. तुझ्या डोक्यात जे आहे तेच आहे हे. फरक इतकाच, की तू बाजारात गेलीस तरी ते दुकानात राहतं.

प्रत्येक माणसाची एक नोंद करायची. नोंदीत एक रकाना आहे, त्याला मी तुझ्यासाठी मराठी नाव दिलंय: 'याच्या वर कोण?' उदाहरण घे. नाट्यगृह ही एक नोंद. त्याच्याखाली व्यवस्थापक बाई. बाईंच्या खाली रंगमंचाचं सामान बघणारा. अशी उतरंड लागत जाते, आणि स्क्रीनवर ती झाडासारखी दिसते. मग रंगमंचवाल्याने फोन केला तरी तुला कळतं की हा कुणाच्या घरचा. शेजारी 'शेरा' म्हणून चौकोन आहे. त्यात काय वाटेल ते लिही.

नियम दोनच. एकाच्या खाली कितीही माणसं चालतील, पण एकाच्या वर एकच. आणि गोल फिरून यायचं नाही. म्हणजे डॉक्टरांच्या वर सासूबाई, सासूबाईंच्या वर सूनबाई आणि सूनबाईंच्या वर पुन्हा डॉक्टर, असं लावलंस तर ते हात जोडेल.

दुकान विकण्याबद्दल मी बोलत नाही. बोलले तर म्हणशील, लांब बसून शहाणपणा शिकवते. फक्त एक कर. मार्चअखेरीच्या आधी त्याच्या कागदावर सही करू नकोस. माझ्यासाठी नाही, सगळी गिऱ्हाइकं भरून व्हायला तेवढा वेळ लागेलच.

तुझी
चिंधी


१८ जानेवारी

चि. चिंधी,

पत्रास कारण. पलीकडून दिवसभर टकटक येते आहे. शिलाई मशीनची नाही, ती मी ओळखतो. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला, तू काहीतरी बसवून दिलं आहेस. तेच माझ्याकडेही बसव. पलीकडच्यापेक्षा कमी नको. कुणाच्या खुर्च्या कधी मढवल्या, कुणाचा फोम बदलायला आला, हे आता डोक्यात मावत नाही.

पलीकडे सांगू नकोस.

तिकडे शोरूमवाला येऊन बसतो. त्याच्या बुटांचा आवाज येतो. भिंतीपासून दारापर्यंत पावलं टाकून जागा मोजतो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं स्प्रिंगांचं कपाट प्लायला लागून आहे, उद्या त्याने तिकडून हातोडी मारली तर स्प्रिंगा सांडतील, एवढंच माझं म्हणणं.

बाबा


६ फेब्रुवारी

चि. चिंधीस,

आशीर्वाद. राग नाही, उलट तोंडभर कौतुक. हे तुझं 'याच्या वर कोण' म्हणजे मला खेळणंच मिळालंय. सकाळी दुकान उघडलं की आधी चार माणसं जागेवर बसवते, मग कात्री हातात घेते.

फक्त तुझी पद्धत मी थोडी बदलली. तू म्हणतेस पदाप्रमाणे लाव. पद घेऊन काय करायचंय? पडदा कोण निवडतं ते बघायचं. म्हणून डॉक्टरांच्या वर सूनबाई आणि सूनबाईंच्या वर सासूबाई. लावलं आणि फसले. तुझ्या सॉफ्टवेअरने 'पडदे तयार आहेत' असा निरोप थेट सर्वांत वर धाडला. सासूबाई आल्या, दोन्ही जोड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "निळे छान झालेत, पण आता मला हिरवे हवेत." शेवटी सूनबाईंनी सायीच्या रंगाचे नेले, सासूबाईंनी निळे आपल्या खोलीत लावले, आणि डॉक्टर त्यांच्या खोलीत उन्हात बसलेत. मी त्यांना झाडात सगळ्यांच्या खाली ठेवलंय. तिथे ते सुखी आहेत.

आता एक वेगळीच भानगड. काल डॉक्टरांची नोंद उघडली, तर शेऱ्यात लिहिलेलं, 'कंबर दुखते. खुर्चीची पाठ सरळ ठेवणे.' हे मी लिहिलेलं नाही. मी पडदे शिवते, मला कुणाच्या कमरेशी काय करायचंय? आज तर कहर झाला. झाडात एक नवी नोंद आली, 'खुर्च्या'. आणि तिच्याखाली, चिंधे, तिच्याखाली 'पडदे'. म्हणजे मी. मी मुकाट्याने उलटं करून ठेवलं. मी थोरली आहे. दुपारी पाहिलं तर पुन्हा मी खाली.

हे तू केलंस का? खरं सांग. खोटं बोललीस तर मला कागदावरून वास येतो.

शोरूमवाल्याने काल माझ्या कपाटाची रुंदी मोजली. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. का कोण जाणे.

तुझी
आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी नाही केलं. म्हणजे वर-खाली मी नाही केलं.

असं आहे, की दोन नोंदींचा पत्ता एकच असला तर सॉफ्टवेअर त्या एका जागी दाखवतं. तुमच्या दोन्ही दुकानांचा पत्ता एकच आहे ना? मग त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. दुरुस्त करायला वेळ लागेल, इकडे कामाचा डोंगर आहे. तोवर तू दुर्लक्ष कर. किंवा करू नकोस.

सासूबाईंना हिरवे शिवून देऊ नकोस, पुढच्या महिन्यात त्यांना पिवळे हवे असतील.

आणि त्याला चहा विचारला नाहीस हे वाचून मला का कोण जाणे बरं वाटलं.

तुझी
चिंधी


२२ फेब्रुवारी

चि. चिंधी,

रोज सकाळी मी 'खुर्च्या' वर ठेवतो. दुपारी जेवून येतो तर 'पडदे' वर. चष्मेवाला म्हणतो व्हायरस असेल. मी भाऊ आहे, मी हा व्हायरस ओळखतो.

मी शेऱ्यात लिहिलं, 'उतरंडीत थोरलं मडकं खालीच असतं. म्हणून पडदे खाली.' थोड्या वेळाने उत्तर आलं, 'खालचं मडकं काढलं तर वरचं फुटतं. सांभाळून.' मी मान्य करतो, उत्तर चांगलं होतं.

काल दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं असावं. स्क्रीनवर लाल चौकट आली: असे करता येत नाही. दोन नोंदी एकमेकींच्या वर असू शकत नाहीत. मी वाचतो आहे तोच पलीकडून हसण्याचा आवाज आला. ताई हसली की आधी खुर्ची मागे सरकते, मग आवाज येतो. खुर्ची सरकली. मग आवाज आला. मीही हसलो, पण तोंडावर हात ठेवून.

हे तू मुद्दाम केलं आहेस हे मला पहिल्या दिवशी कळलं. दुरुस्त करू नकोस.

बाबा


२७ फेब्रुवारी

चि. चिंधीस,

पत्ता एक आहे, पण दारं दोन आहेत, हे तुझ्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नाही वाटतं. जाऊ दे. तुला रागवायला बसले होते, पण दुसरंच लिहायचंय.

पहिल्यांदा एक खुलासा. तुझा बाबा तुला लिहील की मी हसले. मला ठसका लागला होता.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई आल्या होत्या. सगळं नवं करताहेत. रंगमंचाचा मोठा पडदा आणि प्रेक्षकांच्या सगळ्या खुर्च्या, दोन्ही एकाच कापडात. आणि त्यांना एकच माणूस हवाय. "दोन ठिकाणी दोन छटा आल्या तर मी कुणाला धरू?" म्हणतात. खरं आहे त्यांचं. शोरूमवाल्यालाही विचारलंय त्यांनी. मी म्हटलं, मी फक्त पडदे करते. बाई गेल्या. मी नोंद उघडली आणि शेऱ्यात लिहून ठेवलं, 'एकत्र काम हवे. जमणार नाही.'

दुपारी त्याखाली एक ओळ आली. 'ताई, जमणार नाही असं का लिहिलंस?'

ताई लिहिलं होतं, चिंधे. शेवटचं ताई म्हणाला तेव्हा त्याच्या हातात करवत होती. मी चष्मा पुसला, परत वाचलं. मग लिहिलं, 'कापड कोणतं घ्यायचं?' तो म्हणे मरून रंगाचं, खुर्ची मळते. मी म्हटलं किरमिजी, दिव्याखाली मरून काळा दिसतो, लोकांना वाटेल पडद्यामागे अंत्ययात्रा आहे. तो म्हणे तुला माणसाच्या बसण्याची काही कल्पना नाही. मी म्हटलं, तुला बघण्याची नाही. तीन दिवस हेच चाललंय. दुकानात चिडीचूप, आणि शेऱ्यात नुसता बाजार भरलाय. चष्मेवाला विचारत होता, तुम्ही दोघं आपापल्या बाजूला बसून एकटेच काय हसता?

पण चिंधे, भांडण कितीही गोड झालं तरी काम मिळत नसतं. बाईंना एक दुकान हवंय, एक दरपत्रक हवंय. आम्ही दोन आहोत. मार्चअखेरीला शोरूमवाला सहीला येईल. सही झाली की भिंतीच्या या बाजूने टकटक करणारी मी नसेन, त्याचा कुणी पगारी माणूस असेल. हा विचार आला की माझ्या हातातली शिवण थांबते. मला नाही विकायचं. लिहून टाकलं एकदाचं. पण भिंतीकडे बघत म्हातारं व्हायचं तेही नको. मग करू काय?

तुझी
आत्या


७ मार्च

प्रिय आत्या,

आता खरं. तुम्हा दोघांना एकाच खात्यात मीच बसवलं. बाबांनीही मागितलं होतं, आणि तुला सांगायचं नाही असंही सांगितलं होतं. पत्त्याची गोष्ट अर्धी खरी होती, उरलेली माझी. तुला वास आला असेलच.

तू विचारतेस करू काय. मला माझं कामच येतं, तेवढंच सांगते. दोन्ही नोंदी एकमेकींच्या वर जाऊ शकत नाहीत, बरोबर. पण दोन्ही शेजारी शेजारी बसू शकतात. त्यासाठी दोघींच्या वर तिसरी नोंद लागते, दोघींची एकच. ती केलीत की सॉफ्टवेअर तुम्हाला एक दुकान समजतं. मग दरपत्रक एकच निघतं, वर त्या तिसऱ्या नोंदीचं नाव छापून, खाली पडदे आणि खुर्च्या एका ओळीत. कोण वर, कोण खाली, हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी नोंद कुणाची करायची ते मी सांगणार नाही. आजीची करा, कात्रीची करा, चष्मेवाल्याची करा. अट एवढीच, की दोघांना एकच नाव मान्य हवं. तुमच्या बाबतीत ही अट किती अवघड आहे ते मला माहीत आहे. मरून आणि किरमिजीवर तीन दिवस घालवणारी माणसं तुम्ही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. भिंत यायच्या आधी दुकानाच्या मधोमध, बेतायच्या टेबलाखाली, उरलेल्या तुकड्यांची मोठी टोपली असायची. मी त्यात झोपायचे. त्यावरूनच तू मला चिंधी म्हणायला लागलीस. एका बाजूने तुझी मशीन, दुसऱ्या बाजूने बाबांची हातोडी, आणि मला दोन्ही ऐकू आल्याशिवाय झोप लागायची नाही. तुमची ती भिंत बरोबर माझ्या टोपलीच्या जागेवर उभी आहे. मला ती कधीच आवडली नाही.

विकू नकोस, आत्या. बोलणार नव्हते, बोलले.

तुझी
चिंधी


२ एप्रिल

चि. चिंधीस,

दोघांचे आशीर्वाद. कंसातलं सगळं तुझ्या बाबाचं. त्याला वेगळा कागद देत होते, तर म्हणाला एकावरच लिहू, दुसरा कशाला वाया घालवायचा.

(कागद माझाच आहे.)

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. मग भिंतीपाशी जाऊन मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नाव सुचतंय का?" मी म्हटलं, "तू आधी सांग." तो म्हणाला, "तू थोरली." इतकी वर्षं हे ऐकायला कान आतुर होते. शेवटी ठरलं, दोघांनी आपापल्या बाजूला कागदावर लिहायचं आणि भिंतीखालच्या फटीतून सरकवायचं.

(दोन्ही कागदांवर एकच नाव होतं. मी ताईचा कागद ठेवून घेतला आहे. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.)

तर त्या नावाने दरपत्रक गेलं. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक बाईंचा फोन. "चिंधीबाई आहेत का?" मी म्हटलं, "त्या बाहेरगावी असतात. आम्ही त्यांच्या हाताखालचे." बाई म्हणाल्या, "काम तुम्हाला दिलं. शोरूमवाल्याला पडद्याचं विचारलं तर खुर्च्यांचा माणूस वेगळा, खुर्च्यांचं विचारलं तर पडद्याचा वेगळा. तुमच्याकडे निदान सगळे एका छपराखाली आहेत."

(कापड किरमिजी. खुर्च्यांचे हात मरून. हा माझा विजय आहे, ताई काहीही म्हणो.)

काहीही म्हणत नाही. पुढचं ऐक. कापडाचे तागे आले. रंगमंचाचा पडदा म्हणजे काही खिडकीचा नव्हे, जमिनीवर पसरल्याशिवाय बेतता येत नाही. मी पसरायला लागले आणि माझ्या अर्ध्यात तो अर्धाच मावला. बाकीचा भिंतीला टेकून उभा राहिला. मी तशीच गुडघे धरून बसले. तेवढ्यात भिंतीवर टकटक. "ताई, मी कपाट सरकवलंय. तू फळी सरकव."

(स्प्रिंगा आधीच काढून ठेवल्या होत्या. महिन्यापूर्वी.)

मग आम्ही ती भिंत काढली. मला वाटलं होतं फार मोठं काहीतरी होईल, रडू येईल, बोलणं होईल. झालं असं, की तो म्हणाला, "खिळे गोळा कर, पायाला लागतील," आणि मी खिळे गोळा केले. रडले ते नंतर, चहा करताना. त्याने बघितलं, आणि मला ठसका लागलाय असं म्हणून पाणी आणून दिलं.

(ठसकाच होता.)

महिनाअखेरीला शोरूमवाला आला, बगलेत कागद, पायात बूट. आम्ही दोघं दुकानभर पसरलेल्या किरमिजी कापडावर रांगत होतो. तो दारात थांबला. इकडे बघतो, तिकडे बघतो. "अहो, तुमचं अर्धं कुठून कुठपर्यंत?" तुझा बाबा तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला, "आधी बूट काढा. कापड आहे." आणि मी म्हटलं, "अर्धं शिल्लक नाही, साहेब. बघताय ना." बिचारा बूट काढून आत आला, कापडाच्या कडेने पूर्ण दुकान फिरला आणि म्हणाला, "काम सुरेख आहे." मग मी त्याला चहा दिला. आता द्यायला हरकत नव्हती.

त्या प्लायचं टेबल केलंय, बेतायचं. मधोमध ठेवलंय. खाली टोपली आहे.

पाटीचे दोन्ही तुकडे काढून आणले. वर-खाली लावायचे नाहीत हे दोघांनी न बोलता ठरवलं. शेजारी शेजारी लावले, तर करवतीने कडा इतक्या वाकड्या गेल्यात की मधे फट राहते. रंगारी विचारतोय, फटीत एक फळकुट बसवून त्यावर काय लिहू. तू आता वर आहेस. तू ठरव.

तुझी आत्या
(आणि बाबा)


११ एप्रिल

प्रिय आत्या, प्रिय बाबा,

तुम्ही काय करून ठेवलंत याची तुम्हाला कल्पना नाही. ज्याची नोंद सर्वांत वर, त्याला खालच्या सगळ्यांचे निरोप जातात, ही सोय मीच करून दिली होती. काल इथे मोठी बैठक चालू होती. मी उभी राहून सगळ्यांना उतरंड समजावत होते, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर माझ्या फोनची सूचना झळकली: 'सासूबाईंना पिवळे हवेत.' मग लगेच: 'डॉक्टरांच्या खुर्चीची पाठ.' साहेबांनी विचारलं हे कोण. भाषांतर करून सांगितलं, तर सगळी बैठक हसत सुटली. आता रोज सकाळी इथले लोक मला विचारतात, आज सासूबाईंचं काय.

मला ते एका मिनिटात बंद करता येतं. दोन बटणं दाबायची. मी हात लावलेला नाही. दिवसभर फोन वाजत असतो, कधी पडद्यांकडून, कधी खुर्च्यांकडून, आणि इतक्या लांब असून मला परवापासून इतकी छान झोप लागते आहे की विचारू नका.

पाटीचं मला विचारलंत, म्हणून सांगते. फळकुटावर माझं नाव लिहायचं तर लिहा, पण वर नको, मधेच राहू दे. तिथे मी आधीपासून आहे.

आणि एक. काल कचेरी रिकामी झाल्यावर तुमचं झाड उघडलं. चिंधी, तिच्याखाली पडदे आणि खुर्च्या. माझ्या नोंदीत 'याच्या वर कोण?' हा रकाना रिकामा दिसला. मी तिथे 'पडदे' लिहिलं. लाल चौकट आली: असे करता येत नाही. 'खुर्च्या' लिहिलं. पुन्हा लाल चौकट. नियम मला पाठ आहे, मी तो रोज लोकांना शिकवते, तरी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण सॉफ्टवेअर साफ चुकतंय असं काल पहिल्यांदा वाटलं.

शेवटी शेऱ्यात लिहून ठेवलंय. तुम्हाला तिकडे दिसेलच, तरी इथेही लिहिते: 'हिच्या वर दोघं आहेत. यात दाखवता येत नाहीत.'

नाट्यगृह उघडायच्या आदल्या दिवशी पोचते. बाबा, मधल्या रांगेतली एक खुर्ची माझ्या उंचीला बघून मढवा. आत्या, पडदा उघडताना मला सांगू नकोस पलीकडे काय आहे.

तुमची
चिंधी